पाय टेकवायची भीती : यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ



पहाटे यवतमाळच्या नेहरू स्टेडियमकडे गेलं, तर उजाडायच्या आधीच धावत्या पावलांचा आवाज ऐकू येतो. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी. नेर, बाभूळगाव, कळंब, घाटंजीकडची पोरं शहरात खोली करून राहतात, सकाळी धावतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात. घरची दोन-चार एकर कोरडवाहू कपाशी आणि भरतीची एक जाहिरात, यांच्यामध्ये त्यांचा सगळा भरवसा दोन पायांवर असतो.

त्यातल्या एखाद्याचा गुडघा एके दिवशी फिरतो. कबड्डीत चढाई करून झटक्यात वळताना, खो-खोत खांबाला वळसा घालताना, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगेत पाय अडकून. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. आत 'कट्' असा आवाज होतो, पोरगं खाली बसतं आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगतो. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरकं बांधून ठेवणारा एक दोर असतो. नडगी पुढे घसरू नये, गुडघा भलतीकडे फिरू नये म्हणून. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात आणि आता खेडोपाडीची पोरंही तेच म्हणतात. तो तुटला की पुष्कळदा शस्त्रक्रिया होते. रुग्णाच्याच मांडीच्या मागच्या बाजूचा किंवा वाटीखालचा कंडरा काढून, दुर्बिणीतून, तुटलेल्या दोराच्या जागी बसवला जातो.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हे पत्र त्यापुढच्या गोष्टीसाठी आहे. शस्त्रक्रिया चांगली झाली, टाके सुकले, फोटोत सगळं ठीक आहे, आणि तरी माणूस नीट चालत नाही.

दारव्ह्याकडची एखादी एकोणीस वर्षांची चढाईपटू डोळ्यासमोर आणावी. ती कुणी एक नाही. अशा अनेकींच्या चालीवरून तिचं चित्र उभं करता येतं. शस्त्रक्रियेला चार महिने झालेत. ती दवाखान्याच्या व्हरांड्यातून येते तेव्हा पहिल्यांदा दिसतो तो तिचा हात. धरायची गरज नसताना तो भिंतीच्या जवळून सरकत राहतो. मग पाऊल. चांगला पाय टाच टेकवून, चवड्यावर येऊन, मोकळा पुढे जातो. शस्त्रक्रियेचा पाय मात्र अख्खा तळवा एकदम ठेवतो, गुडघा काठीसारखा ताठ, पाऊल आखूड. मागून आईनं हाक मारली तर ती मान वळवत नाही, अख्खं अंग वळवते, तेही थांबून. तिच्या चपला उलट्या करून पाहिल्या तर एकीची टाच झिजलेली आणि दुसरीची जवळजवळ कोरी. दुखतं का, असं विचारलं तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. मग असं का चालतेस? 'पाय भरवशाचा वाटत नाही.'

या उत्तराकडे कुणी आजाराचं लक्षण म्हणून पाहत नाही. घरचे म्हणतात, जपून चाल माय. शेजारी म्हणतात, फलाण्याच्या पोराचा पुन्हा तुटला होता. दवाखान्यात गर्दी असते, तिथे एका वाक्यात निकाल लागतो : घाबरू नकोस. भीती हा स्वभावाचा दोष आहे आणि दटावलं की जातो, अशी आपल्याकडची समजूत आहे. ती चुकीची आहे आणि महागही पडते.

आधी शरीराचा वाटा वेगळा काढायला हवा, नाहीतर सगळं मनावर ढकलून आपण पुन्हा रुग्णालाच दोषी ठरवू. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या गुडघ्यात थोडं थोडं सलाईन टोचलं. दुखापत नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त पाणी. वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चहाचे चमचे आत जाताच मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू काम टाळू लागला. आणखी पाणी गेल्यावर बाकीचे स्नायूही ढिले पडले. गुडघ्याला सूज आली की मज्जारज्जूच स्नायूला 'थांब' असा निरोप देतो. त्यात माणसाच्या इच्छेचा काही संबंध नसतो. शिवाय तुटलेला तो दोर नुसता दोर नव्हता. गुडघा कुठे आहे, किती वाकलाय, याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं त्यात होती. नवा कंडरा बांधून ठेवण्याचं काम करतो, पण ती खबर पूर्वीसारखी पोचत नाही. मग मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो. म्हणून अशी माणसं खाली बघत चालतात.

आता मनाचा वाटा. निरोगी माणूस चालतो तेव्हा टाच टेकल्याबरोबर गुडघा साधारण १५ ते २० अंशांनी वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. अंगाचा भार झेलण्याची ही निसर्गाची सोय आहे, बैलगाडीला नसलेली आणि मोटरगाडीला असलेली स्प्रिंग म्हणा. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर ही वाकण कमी होते, हे चालीच्या प्रयोगशाळांतून कित्येक वेळा मोजलं गेलंय. ज्याला पुन्हा दुखापत होईल अशी भीती जास्त, त्याचा पाय उडी मारून उतरतानाही जास्त ताठ राहतो, असंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे भीती डोक्यात बसून राहत नाही, ती मांडीच्या स्नायूत उतरते. आणि ताठ पायानं, अर्धाच भार टाकत चालणाऱ्या गुडघ्याला आराम मिळतो असं समजू नये. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ज्यांच्या गुडघ्यावर चालताना कमी भार पडत होता, त्यांच्यातच पाच वर्षांनी सांध्याची झीज जास्त आढळली, असं अमेरिकेतल्या एका पाहणीत निघालं. विशीतल्या मुलीला पंचविशीत म्हाताऱ्या गुडघ्याची सुरुवात.

या भीतीला वैद्यकात नाव आहे आणि ती मोजायची पट्टीही आहे. १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या टॅम्पा शहराच्या नावानं एक प्रश्नावली तयार झाली. हालचाल केली तर शरीराला इजा होईल असं किती वाटतं, हे सतरा साध्या विधानांवरून तपासणारी. २००८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी खास एसीएलच्या रुग्णांसाठी बारा प्रश्नांची पट्टी काढली. भावना, आत्मविश्वास आणि पुन्हा दुखापतीचा धोका, एवढंच ती विचारते. कागद, पेन आणि दहा मिनिटं. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

हे प्रश्न विचारून काय साधतं? २०१८ साली अमेरिकेत चाळीस तरुण खेळाडूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळायला परत उतरताना ज्यांच्या मनात भीती जास्त होती, त्यांचं त्याच गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे तो आतला दोर, दोन वर्षांत पुन्हा तुटण्याची शक्यता इतरांच्या १३ पट निघाली. चाळीस हा आकडा लहान आहे, तेव्हा १३ हा आकडा शिरोधार्य मानू नये. पण रोख स्पष्ट आहे. जो घाबरून पाय टाकतो, त्याचाच पाय पुन्हा फिरतो. आणि २०१४ साली जगभरातल्या अभ्यासांची मोळी बांधून काढलेला हिशेब आणखी बोलका आहे. शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धेत ५५ टक्केच. गुडघा दुरुस्त झाला होता. तरी जवळजवळ निम्मे लोक स्पर्धेच्या मैदानाच्या कडेलाच राहिले आणि त्यामागच्या कारणांत भीतीचं नाव वारंवार येतं.

महाराष्ट्राला या दुखापतीचा एक चेहरा चांगला ओळखीचा आहे. सांगलीत वाढलेली क्रिकेटपटू स्मृती मानधना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेनकडून खेळत होती. तिथे तिचं एसीएल तुटलं. विश्वचषकाची पात्रता फेरी हुकली. जूनमध्ये ती इंग्लंडला विश्वचषक खेळायला उतरली. २४ जूनला डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० धावा, २९ जूनला टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. त्यानंतर त्याच स्पर्धेत तिची बॅट शांत झाली आणि २३ जुलैला लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. त्या धावांचा आणि गुडघ्याचा संबंध जोडायचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही. पण आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये यातले फक्त दोन डाव असतात. पाच महिन्यांत परतणं, म्हणजे जिद्द. त्या पाच महिन्यांत राष्ट्रीय पातळीची खेळाडू म्हणून तिच्या मागे काय यंत्रणा उभी राहू शकते, हे त्या चित्रफितीत दिसत नाही.

ऋषभ पंतचंही तसंच. ३० डिसेंबर २०२२ला अपघात, जानेवारीत मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया, मग बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत महिनोन् महिने, आणि मैदानावर पुनरागमन मार्च २०२४ मध्ये. जवळपास पंधरा महिने. देशातली उत्तम सोय हाताशी असूनही पंधरा महिने लागले, ही त्या गोष्टीतली खरी बातमी आहे. नॉर्वेतल्या २०१६च्या एका अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्यानं घटत गेला.

म्हणून इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. भीती म्हणजे मूर्खपणा नव्हे. पुन्हा दुखापत होऊ शकते, आणि कोवळ्या वयात धोका जास्तच असतो. जी पोरगी चार महिन्यांत कबड्डीला उतरायला निघालीय, तिच्यात भीती थोडी वाढवावी लागते. जी चार महिन्यांनंतरही भिंत धरते, तिच्यातली कमी करावी लागते. दोघींना एकच 'घाबरू नकोस' लागू पडत नाही. मनाकडे बघायचं ते यासाठी, की भीती खऱ्या धोक्याएवढीच राहावी.

आणि विषय फक्त खेळाडूंचा नाही. दुचाकी घसरून लिगामेंट तुटलेला उमरखेडचा मिस्त्री, धुऱ्यावरून पाय घसरलेली राळेगावची शेतमजूर बाई, यांना मैदानात उतरायचं नसतं. त्यांना एसटीची उंच पायरी चढायची असते. कापूस वेचणीला दिवसभर वाकायचं असतं, डोक्यावर बोजा घेऊन चिखलातून यायचं असतं. पावसात काळी माती पायाला कशी धरते, हे आपण दौऱ्यांवर पाहिलं असेल. दर पावलाला चपलेला शेर-दोन शेर माती चिकटते आणि पाय उचलताना गुडघ्याला पीळ पडतो. ज्याच्या मनात आधीच 'सटकेल' हा शब्द बसलाय, त्याला घरापासून शेतापर्यंतची वाट किती लांब होत असेल! मग तो घरी बसतो. मांडी बारीक होते. बारीक झालेल्या मांडीनं गुडघा खरंच लचकतो आणि भीती खरी ठरते. हालचाल टाळण्याचं हे चक्र पाठदुखीच्या रुग्णांत गेली चार दशकं अभ्यासलं जातंय. गुडघ्यालाही ते लागू आहे.

या भीतीवर उपाय आहेत आणि त्यांची परीक्षाही झालेली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एसीएलच्या तीस रुग्णांपैकी एका गटाला नेहमीच्या व्यायामाबरोबर अंग सैल सोडणं आणि डोळे मिटून बऱ्या होणाऱ्या गुडघ्याचं चित्र मनात आणणं शिकवलं. दहा बैठका. चोवीस आठवड्यांनी त्यांच्या गुडघ्यात ताकद जास्त होती, वेदना आणि पुन्हा दुखापतीची चिंता कमी. न्यूझीलंडमध्ये रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आसपास त्यांच्यासारख्याच बऱ्या झालेल्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. किती दुखेल याची धास्ती कमी झाली आणि कुबडीवर चालण्याचा भरवसा वाढला. कुणीतरी आपल्यासारखा माणूस, आपल्या वयाचा, आपल्याच अवस्थेतून चालत गेलेला दिसला, एवढंच. फिजिओथेरपिस्टकडे तर याची रोजची हत्यारं असतात. आरशासमोर चालवणं, ठेका धरून पावलं टाकायला लावणं, आधी सपाट फरशी, मग उतार, मग खडबडीत माती, अशी भीतीची एकेक पायरी रुग्णाला स्वतः उतरायला लावणं. कोणती पायरी सर्वांत भीतीची, हे विचारल्याशिवाय मात्र सुरुवात करता येत नाही.

यवतमाळनं हे मनाचं काम आधीच शिकून घेतलेलं आहे, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला आहे. शेतकरी आत्महत्यांच्या काळ्या वर्षांनी या जिल्ह्याला जे शिकवलं, ते राज्यातल्या फार थोड्या जिल्ह्यांना शिकावं लागलं. २०१५ साली राज्य सरकारनं आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला. समुपदेशनाची सोय झाली. आशा ताई घरोघरी जाऊन झोप लागते का, मन लागतं का, असे प्रश्न विचारू लागल्या. त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठीच्या बळीराजा चेतना अभियानासाठी निवडलेल्या दोन जिल्ह्यांत यवतमाळ होता. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी बोलावं, अशी त्याची रीत होती. अशा रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट समूहाच्या मासिकात छापून आले. मनाबद्दल विचारलं तर वऱ्हाडातला माणूस बोलतो, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

म्हणून नवी इमारत मागायची नाही. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरात आहे, उपजिल्हा रुग्णालयं पुसद, दारव्हा, पांढरकवड्याला आहेत. उमरखेड किंवा वणीच्या रुग्णानं दर आठवड्याला शंभरेक किलोमीटर येऊन शंभरेक किलोमीटर परत जायचं, तर तिसऱ्या आठवड्यात तो येणं सोडतो आणि त्याच्या केसपेपरवर 'रुग्ण आला नाही' एवढंच राहतं. गुडघ्याच्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस उपजिल्हा रुग्णालयांत असावा, तिथे फिजिओथेरपिस्ट असावा आणि त्याच दिवशी मानसिक आरोग्य कार्यक्रमातला समुपदेशक त्याच्या शेजारच्या खुर्चीत असावा. वेगळ्या खोलीत नको. 'मनाच्या डॉक्टर'कडे पाठवलं की आपल्याकडे माणूस तिथूनच घरी जातो.

भीतीचे प्रश्न पुस्तकी मराठीत छापून आणले तर उपयोग नाही. या जिल्ह्यात वऱ्हाडी बोलतात, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गोरमाटी, कोलामांच्या पोडांवर कोलामी, शिवाय गोंडी. 'पुनर्दुखापतीची शंका वाटते काय' असं विचारलं तर हो-नाही काहीही उत्तर येईल. 'पायरी उतरताना पाय सटकंल असं वाटते का' असं विचारलं तर खरं उत्तर येईल. ही भाषा आशा ताईंना येते; प्रश्न त्यांच्याकडूनच घडवून घ्यावेत. आणि बऱ्या झालेल्या इथल्याच दहा-बारा माणसांच्या छोट्या चित्रफिती त्यांच्या संमतीनं काढाव्यात : पोलीस दलात लागलेली एखादी मुलगी, पुन्हा नांगर धरणारा एखादा बाप्या, डोक्यावर भारा घेऊन चिखलातून जाणारी एखादी बाई. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्या रुग्णाला दाखवाव्यात.

जिल्हा क्रीडा परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडे आहे, जिल्हा नियोजन समितीचं सदस्य सचिवपदही आपल्याकडेच. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर शाळा-कॉलेजच्या खेळाडूला नऊ महिन्यांआधी आणि फिजिओथेरपिस्टच्या चिठ्ठीशिवाय स्पर्धेत उतरवायचं नाही, एवढं पत्रक क्रीडा परिषदेला काढता येईल. बाकीचा खर्च वार्षिक योजनेत शोधायचा म्हटलं तर तो एखाद्या सिमेंट रस्त्याच्या तुकड्याएवढाही नाही.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल, तर उद्यापासून एक गोष्ट होऊ शकते. गुडघ्याचा रुग्ण सुट्टी घेऊन घरी निघतो तेव्हा त्याच्या कागदावर टाके काढायची तारीख असते, गोळ्यांची नावं असतात. त्याखाली हातानं एक ओळ वाढवायला सांगावं, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तिच्यासमोर उत्तर लिहायला लावावं : 'पाय टेकवायला भीती वाटते का? कुठं?'

कळावे,
आपला नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातील एक रहिवासी